पक्क्या खणातली कार्डं

१

शनिवारी सकाळी आठला आम्ही वर्गावर पोचलो, तेव्हा सर बाथरूमच्या दारात उभे होते आणि कपडे भिजवायच्या टबात नऊशे बारा कार्डं तरंगत होती. आकडा मी मोजून सांगत नाही. सरांना तो तोंडपाठ होता आणि त्यांनी तो तीनदा ऐकवला, जणू आम्ही सगळ्यांनी मिळूनच ती बुडवली होती.

ज्यांना आमचा वर्ग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या राहत्या घरात, पुढच्या खोलीत, सर सव्वीस वर्षं इंग्रजीतले असे शब्द शिकवतात जे सहसा कुणी वापरत नाही. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. नुसते शब्द, आणि ते वापरायचे कसे. इथे येणारा प्रत्येक जण कुणाचं तरी तोंड बंद करायला येतो. मी आले ती सुनेमुळे. तिने जेवणाच्या टेबलावर मला एक इंग्रजी शब्द ऐकवला आणि माझ्या मुलाकडे बघून हसली. अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. तिसऱ्या दिवशी मी फी भरली.

सरांची पद्धत मात्र लाखात एक. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ, सरांची धाकटी बहीण ताई टाइपरायटरवर टाइप करते. मागची बाजू आमची. शब्द मिळाला की तो बाहेरच्या जगात, खऱ्या माणसाशी, खऱ्या कारणासाठी वापरायचा आणि मग ते वाक्य तारखेसकट शाईच्या पेनाने मागे लिहायचं. घरी बसून रचलेलं वाक्य चालत नाही, आणि आधी सरांनी ते पास करावं लागतं. वर्गातला दुसरा कुणीतरी साक्षीदार होऊन तीन प्रश्न विचारतो: कुठे म्हणालात, कुणाला म्हणालात, समोरचा काय म्हणाला. उत्तरं पटली की तो खाली सही करतो आणि कार्ड कच्च्या खणातून पक्क्या खणात जातं. मला ‘वेलेइटी’ मिळाला होता, म्हणजे अशी इच्छा जिच्यापायी माणूस बोटसुद्धा हलवत नाही. तो मी नवऱ्याच्या गॅलरी रंगवण्याच्या बेताला वापरला. नवरा दोन दिवस बोलला नाही, कार्ड पक्क्या खणात गेलं.

साक्षीचं काम कुणालाच नको असे. म्हणून नियम होता की ज्याचं एकही कार्ड पक्कं झालेलं नाही त्याने इतरांच्या साक्षी करायच्या. नऊ महिने ते काम एकटी सिस्टर करत होती. मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात ती नर्स होती, आणि सरांनी तिचं एकही वाक्य आजवर पास केलं नव्हतं.

शुक्रवारच्या तासाला दोन गोष्टी झाल्या. सरांनी जाहीर केलं की सोमवारी पक्का खण छापखान्यात जाणार. शब्द, खाली आमची वाक्यं, वाक्यांखाली आमची नावं, असं पुस्तक. त्यानंतर सिस्टरने तिचं नवं वाक्य सांगितलं. शब्द होता ‘पर्फंक्टरी’, उरकून टाकायचं म्हणून केलेलं काही. तिच्या वॉर्डात नऊ नंबरच्या बेडवर एक लिफ्टमन होता. सहाव्या मजल्यावरून लिफ्ट त्याच्यासकट कोसळली आणि दोन्ही पाय गेले. कंपनीचा एक कारकून त्याला बघायला आला, पायथ्याशी फुलांचा गुच्छ ठेवला आणि बसलाही नाही. ही भेट पर्फंक्टरी होती, असं ती डॉक्टरांना म्हणाली होती. सोमवारी चौकशी आहे, लिफ्टबद्दल आजवर कुणीच तक्रार केली नव्हती असं मॅनेजरने लिहून दिलंय आणि सगळा दोष त्या माणसावरच घातलाय, असं सांगता सांगता तिला रडू आलं.

सर म्हणाले, शब्द थंड डोक्याने वापरायचा असतो, वाक्य नापास. मग अर्धा तास तिला उभं ठेवून त्यांनी तिच्या उच्चारांची सालं काढली. सिस्टर शेवटी म्हणाली, “ही सगळी कार्डं एकदा पाण्यात बुडवायला हवीत.” हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

आता पक्क्या खणातली सगळी कार्डं पाण्यात होती. सरांनी सिस्टरकडे बोट केलं आणि पत्राचा विषय काढला. तिला परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळत होती. भाषाशिक्षकाचं शिफारसपत्र तेवढं राहिलं होतं, आणि परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीची अर्ज घ्यायची खिडकी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला वर्षभरासाठी बंद होणार होती. पत्र सर त्याच सकाळी देणार होते.

“ते पत्र विसर,” सर म्हणाले. “दुसरं लिहितो. एक तुझ्या मेट्रनला, एक एजन्सीला. या दोन्ही दारांत तुला कुणी उभं करणार नाही.”

सिस्टर एवढंच म्हणाली की मी नाही केलं. कुणी मान वर केली नाही. मला सिस्टरचं फार प्रेम होतं असं नाही, पण सरांचा तो आवाज ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना सांगितलं की दुपारपर्यंत थांबा, मी बघते. तुम्हाला यातलं काय कळतं, असं त्यांनी विचारलं. बत्तीस वर्षं मी विमा कंपनीसाठी जळलेला आणि भिजलेला माल तपासला, म्हटलं. कुठला माल नशिबाने भिजला आणि कुठला मुद्दाम भिजवला, एवढंच मला कळतं.

२

आधी कार्डं टबातून काढून गॅलरीतल्या दोऱ्यांवर, टेबलांवर, खिडकीच्या कठड्यावर वाळत घातली. बाकीच्यांना मी घरी जाऊ दिलं नाही. एकेकाला गॅलरीत बोलावलं आणि हातात चिमटे दिले. चिमटे लावताना माणूस खोटं जरा कमी बोलतो, असा माझा अनुभव आहे.

कोण कधी आलं असेल हे शोधण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारी तास चारला संपला. साडेचार ते सहा सर फिरायला जातात, ताई आतल्या खोलीत टाइप करत बसते आणि पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं. टाइपरायटरच्या आवाजात हत्ती येऊन गेला तरी तिला कळलं नसतं. शनिवारी सकाळपर्यंत बाथरूमच्या त्या टबाकडे कुणी बघत नाही. आणि चारनंतर कुठे होतात या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, एकटाच होतो. या वर्गातली माणसं एकत्र जिनाही उतरत नाहीत.

पहिली ताई. पंचावन्न वर्षांची, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं सुरीसारखं. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं की पुस्तकात माझं नाव कुठेही येणार नाही, हे दादाने मला बुधवारी सांगितलं. नऊशे बारा कार्डं तिने टाइप केली, निम्मे अर्थ तिने शोधले, आणि सर म्हणाले की टंकलेखनाला कुणी लेखन म्हणत नाही.

“मग तुम्ही केलंत का?” मी विचारलं.

“करायचं असतं तर दादाच्या डोळ्यांदेखत केलं असतं,” ताई म्हणाली. “चोरून करण्यात काय मजा?”

मला ते पटलं. तिचा राग उघड्यावर ठेवलेला होता.

दुसरा वकील. पोरगेलासा, कायम घाईत, कुणाच्या तरी हाताखाली शिकत असलेला. त्याची वाक्यं मला आठवत होती, कारण सर ती वर्गात कौतुकाने वाचून दाखवत. ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’, म्हणजे ज्यातलं कळत नाही त्यावर मत ठोकून देणारा, हा शब्द त्याने आपल्याच सीनियरसाठी कोर्टाच्या व्हरांड्यात वापरला होता. अशी अकरा वाक्यं, सगळी त्याच सीनियरवर. पुस्तक छापून बाहेर आलं असतं तर त्याला ऑफिसात पाय ठेवता आला नसता. मी हे बोलून दाखवल्यावर त्याचा चेहरा पडला.

“काकू, खरं सांगू? आज टब बघून मला हायसं वाटलं,” तो म्हणाला. “पण माझ्यात तेवढी हिंमत असती तर मी सीनियरच्या तोंडावरच बोललो नसतो का?”

तिसरा टाय. त्याला आम्ही टायच म्हणायचो, कारण कडक उन्हातही गळ्याला टाय. एका कंपनीच्या ऑफिस-इमारतींची देखभाल बघायचा. कुठल्या इमारती ते मी कधी विचारलं नव्हतं, कारण वर्गात कुणाला कुणाची पडलेली नव्हती. या सगळ्या काटेरी कुंपणात तेवढा एक माणूस गोड. सिस्टरला सर उभं करत तेव्हा तो खुर्ची सरकवून ठेवायचा. आजही सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली तेव्हा त्यानेच तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला होता. त्याने मला अगदी हळू आवाजात सांगितलं की मॅडम, तिला माफ करायला सरांना तुम्ही समजवा, बिचारी दमलेली असते, रागाच्या भरात माणूस करून बसतो.

म्हणजे तिची बाजू घेता घेता त्याने तिच्यावर गुन्हाही शाबीत करून टाकला होता. मी पुढचा चिमटा लावला.

३

अकराच्या सुमाराला पहिली कार्डं वाळली. मी चष्मा पुसून एकेक हातात घेतलं आणि तेव्हा मला जे दिसलं ते खरं तर टबापाशीच दिसायला हवं होतं. वय झालं की असं होतं, पण कबूल करायला मला आवडत नाही.

पुढची बाजू जशीच्या तशी होती. टाइपरायटरच्या रिबिनीची शाई पाण्याला दाद देत नाही. शब्द वाचता येत होता, अर्थ वाचता येत होता. मागची बाजू मात्र निळसर ढग. तारीख नाही, वाक्य नाही, सही नाही.

मी सरांना हाक मारली आणि विचारलं की तुमचं नेमकं काय गेलं. ते माझ्यावर खेकसले. मी पुन्हा विचारलं. शब्द आहेत, अर्थ आहेत, तुमच्या डोक्यात तर नऊशे बाराच्या नऊशे बारा आहेत. तुमची सव्वीस वर्षं शाबूत आहेत, सर. गेलं ते आमचं.

मग मी सगळ्यांना खोलीत बसवलं आणि मागच्या वर्षीची आठवण दिली. वकिलाच्या हातून तांब्याभर पाणी टेबलावर सांडलं होतं, चार कार्डं भिजली होती, आणि सरांनी ती उंच धरून आम्हाला चिडवलं होतं की बघा, माझी बाजू टिकते, तुमची वाहून जाते. तेव्हा आम्ही सगळे हजर होतो. सरांवर सूड उगवायचा असता तर त्या माणसाने कार्डं फाडली असती, जाळली असती, पोत्यात भरून कचऱ्यात टाकली असती. पाणी निवडलं, कारण पाण्याने फक्त वाक्यं मरतात. ज्याने हे केलं त्याला सरांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एक वाक्य नको होतं.

“एक वाक्य नको होतं तर एक कार्ड उचलायचं,” सर म्हणाले. “सगळी कशाला?”

“तुम्ही रोज सकाळी खण मोजता म्हणून. एक गेलं असतं तर तुम्हाला कळलं असतं कुठलं गेलं. आता सगळी आहेत आणि एकही नाही.”

माझ्या धंद्यात हे दर महिन्याला बघायला मिळे. माणूस गोदाम पेटवतो आणि त्याला जाळायचं असतं फक्त एक बिलबुक.

सिस्टरचं पक्क्या खणात एकही वाक्य नव्हतं, तेव्हा तिला काही मिटवायचं कारण नव्हतं, असं मी सांगितलं. सरांनी हात झटकला. म्हणाले, ती चिडली होती, चिडलेला माणूस शाईचा विचार करत नाही, तिने पाणी म्हटलं आणि पाणीच वापरलं. मला दुसरं नाव द्या, नाहीतर चार वाजता मी पत्रं लिहायला बसतो.

वकील माझ्याकडे बघत नव्हता. अकरा वाक्यं त्याला नको होती हे मला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

४

भिजलेला माल तपासताना डोळ्यांपेक्षा बोटं कामाला येतात. मी गॅलरीत एकटी बसले आणि सगळ्या कार्डांच्या पाठीवरून अंगठा फिरवला. वाळलेला जाड कागद थोडा खरखरीत लागतो, पण सगळीकडे सारखा. पाचशेच्या वर कार्डं झाली, बोटं बधिर झाली, आणि एका कार्डावर अंगठा अडला.

त्याच्या पाठीला लव उठली होती. ओल्या कागदाला कुणीतरी अंगठ्याने घासघासून वरचा पापुद्रा काढला होता. पाणी काम करेल याची त्या माणसाला खात्री नव्हती, किंवा वाट बघायला वेळ नव्हता. आपल्या एका कार्डावर त्याने जास्तीचा हात मारला होता. पुढची सगळी कार्डंही मी तपासली. दुसरं असं एकही नव्हतं. वकिलाची चिंता मिटली. त्याला अकरा कार्डं घासावी लागली असती.

पुढच्या बाजूला शब्द होता ‘मॉरिबंड’. मरणाच्या दारात असलेला, शेवटची घटका मोजणारा.

हा शब्द कुणाला दिला होता, असं सरांना विचारण्यात अर्थ नव्हता. सरांना शब्द लक्षात राहतात, माणसं नाहीत. शिवाय विचारलं असतं तर सगळ्यांच्या कानावर गेलं असतं. मी कार्ड पदरात लपवलं आणि खोलीत येऊन जाहीर केलं की पुस्तक अजून वाचवता येईल. प्रत्येकाने आपले शब्द आणि आपली वाक्यं आठवून कागदावर लिहायची. साक्षीदार कोण होता तेही आठवलं तर लिहायचं. सरांचे डोळे पहिल्यांदा चमकले. त्यांनी स्वतः कागद वाटले.

सिस्टरला कुणी कागद दिला नाही. मी तिला दिला. ती म्हणाली, माझं तर एकही वाक्य नाही. मी म्हटलं, तुझं नको, तू ज्यांच्या ज्यांच्या साक्षी केल्यास ते लिही. आठवतंय का? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. वॉर्डात डॉक्टर चालता चालता सतरा बेडच्या सूचना देतात आणि त्या ती टेबलाशी पोचल्यावर लिहिते, असं तिने सांगितलं.

अडीचला सगळ्यांचे कागद माझ्या हातात आले. टायच्या यादीत ‘मॉरिबंड’ होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं की मामाचं कापडाचं दुकान मॉरिबंड आहे असं मी मामाला म्हणालो. साक्षीदार आठवत नाही. सिस्टरच्या कागदावरही ‘मॉरिबंड’ होता. तिथे मामा नव्हता.

५

मी सिस्टरला उभं राहायला सांगितलं. सवयीने ती भिंतीपाशी गेली, जिथे सर तिला उभं करत. मी तिला खुर्चीत बसवलं आणि ‘मॉरिबंड’चे तीन प्रश्न सगळ्यांसमोर विचारले, जसे तिने मार्च महिन्यात विचारले होते.

“कुठे म्हणालात? मी विचारलं,” सिस्टर म्हणाली. “ते म्हणाले, मी सांभाळतो त्या इमारतीत. कुणाला? लिफ्टमनला. ते त्याला म्हणाले होते, तुझी लिफ्ट मॉरिबंड आहे, आणि मग त्याचा अर्थही सांगितला होता. सगळे हसले होते, सर पण हसले होते.” हसल्याचं मला अंधुक आठवलं, कशाला ते नाही.

“आणि समोरचा काय म्हणाला?”

सिस्टर खुर्चीतून उठली. मार्चमधला तो विनोद आणि नऊ नंबरचा बेड तिच्या डोक्यात आजवर दोन वेगळ्या खोल्यांत होते.

“तो म्हणाला, साहेब, दोन महिने मी तेच सांगतोय,” ती म्हणाली. “नऊ नंबर रोज हेच म्हणतो. ताप चढला की एकच बडबडतो: मी साहेबांना सांगितलं होतं.”

टाय हसला. हसणं गोडच होतं. तो म्हणाला की सिस्टर दमलेली आहे, दोन गोष्टींची सरमिसळ करते आहे, शहरात लिफ्ट काय एकच आहे? तेव्हा ताई उठली, आत गेली आणि प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या पत्त्यांची फाइल घेऊन आली. त्यात टायचं व्हिजिटिंग कार्ड टाचलेलं होतं. तिने ते सिस्टरपुढे धरलं. सिस्टरने कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाली, “गुच्छाच्या रिबिनीवर हेच होतं.”

मग मी पदरातलं कार्ड काढून टेबलावर उलटं ठेवलं आणि प्रत्येकाला त्यावरून अंगठा फिरवायला लावला. शुक्रवारी टायच्या कानावर एकाच तासात दोन गोष्टी पडल्या, मी सांगितलं. मार्चमध्ये त्याला लिफ्टची अवस्था माहीत होती हे त्याच्याच अक्षरात तारखेनिशी सोमवारी छापखान्यात जाणार, आणि कुणीच तक्रार केली नव्हती असं सहीनिशी लिहून देणारा तो मॅनेजर म्हणजे हाच, त्याची सुनावणीही सोमवारी. त्याच तासाला सिस्टर पाण्याचं बोलली. टायला पाण्याने दोन कामं करून दिली, वाक्य धुतलं आणि दोषी आयता हातात दिला. तो लिफ्टमनवर दोष घालून मोकळा झाला होता, इथे सिस्टरवर घालून मोकळा झाला.

“कार्ड कोरं आहे,” टाय म्हणाला. आता त्याचा आवाज गोड नव्हता. “कोऱ्या कार्डावरून तुम्ही काय सिद्ध करणार? आणि हिच्यावरून? नऊ महिन्यांत हिला एक वाक्य धड बोलता आलं नाही.”

हीच त्याची चूक होती. कार्ड भिजवताना, घासताना, त्याला शाईचा विचार सुचला, सरांच्या मोजणीचा सुचला. सहीपुरती समोर बसणारी ही बाई प्रश्न विचारताना उत्तरं ऐकतही असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. वर्गातल्या कुणाच्याच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

टायने कोट उचलला आणि दार आपटून निघून गेला.

६

साडेतीन वाजले होते. सरांनी माफी मागितली नाही. त्यांनी लेटरहेड काढलं, शाईचं पेन भरलं आणि शिफारसपत्र लिहायला घेतलं. चांगलं दीड पानी पत्र, शब्द असे की वाचणारा उठून उभा राहावा. खाली सही केली, शिक्का मारला, आणि पत्र आपल्याच तळहाताखाली ठेवलं.

“हे घे आणि पाचच्या आत पोच,” ते म्हणाले. “फक्त एक. सोमवारी तू त्या चौकशीत तोंड उघडायचं नाहीस.”

आम्हाला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, शिकवताना सांगत तसं. वर्गात लिहिलेलं वाक्य चौकशीत गेलं तर इथे पुन्हा कुणी खरं वाक्य लिहिणार नाही. छापखानेवाला हात काढून घेईल. सव्वीस वर्षं एका लिफ्टपायी मातीत जातील. सिस्टर गप्प राहिली तर पत्र तिचं. नाही राहिली तर आपण कधी पत्र लिहिलंच नाही.

ताई म्हणाली, दादा, लाज वाटू दे. वकील म्हणाला की हे कायद्यात बसत नाही, आणि कुठल्या कायद्यात ते त्याला सांगता आलं नाही. मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द इंग्रजी नव्हता. सरांनी आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. ते फक्त सिस्टरकडे बघत होते.

सिस्टरने पत्र उलट्या बाजूने, टेबलापलीकडूनच, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटतं तिच्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी लिहिलं नसावं. किती वाजले ते तिने विचारलं, मी सांगितलं.

“चारला माझी ड्युटी आहे,” ती म्हणाली. “सर, नऊ नंबरला सोमवारी व्हीलचेअरवर नेणार आहेत. मीच नेणार आहे. रस्ताभर मी त्याच्याशी काय बोलू?”

तिने ते घासलेलं कार्ड रुमालात गुंडाळलं आणि जिना उतरून गेली. सरांनी पत्र फाडलं नाही. ते पुन्हा वाचलं, एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. मी माझी पर्स घेतली आणि त्या घरातून बाहेर पडले.

सोमवारी मी गेले. चौकशीची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. लिफ्टमन व्हीलचेअरवर, मांड्यांवर चादर. टाय समोरच्या बाकावर, कंपनीच्या वकिलाच्या शेजारी. सिस्टरने तीन प्रश्न आणि तीन उत्तरं सांगितली, मराठीत, साध्या भाषेत, पाच मिनिटांत. रुमालातलं कार्ड टेबलावर ठेवलं. वर्गात काय झालं तेही तिने लपवलं नाही.

कंपनीचा वकील उठला. तयारी करून आला होता. म्हणाला, कार्ड कोरं आहे, बाईवर वर्गाचं नुकसान केल्याचा आळ होता, तो दुसऱ्यावर ढकलायला त्यांना ही गोष्ट सोयीची आहे. मग तो तिच्याकडे वळला.

“खरं सांगा, हे सगळं बोलून तुम्हाला काय मिळणार आहे?”

“शनिवारी पाच वाजेपर्यंत गप्प बसले असते तर मला परदेशातली नोकरी मिळत होती,” सिस्टर म्हणाली. “पत्र लिहून तयार होतं, या बाई तिथे होत्या, त्यांना विचारा. आता वर्षभर काही नाही. मला मिळालं ते हेच.”

चौकशी अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि हो म्हटलं. मग त्यांनी कार्ड उचललं, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि टायला पुढे येऊन बसायला सांगितलं. कंपनीच्या वकिलाकडे पुढचा प्रश्न होता, कागदावर लिहिलेला मला दिसत होता. तो त्याने विचारला नाही.